वेसण नसलेलं अस्वल

दुबईत देऱ्याच्या सोन्याच्या बाजारामागे यहयाचं अत्तराचं दुकान आहे. तिथे बावीस वर्षं नाकावर पोट भरणारा माणूस म्हणजे आमचा कुडाळकडचा दत्तप्रसाद. ऊदाच्या सुगंधी लाकडाचा तुकडा नाकाशी धरला की तो आसामचा की कंबोडियाचा, खरा की तेल चोपडलेला, हे हा डोळे मिटून सांगणार. बाकी माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हट्ट मात्र एकच, आणि तोही ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा असा. ह्याला रानातलं अस्वल बघायचं होतं. मोकळं, आणि जवळून.

"लोक ईदच्या सुट्टीत घरी पळतात, आणि हे महाराज अस्वलाकडे!" रूममधला भिवा हसून लोळायचा. "अरे, झू आहे की इथे. सकाळी जा, दुपारी परत ये. खलास!"

"झूमधलं नको," एवढंच दत्तप्रसाद म्हणायचा.

झूमधलं का नको, ते सांगायला हवं. पाच वर्षांचा असताना तो सारखा तापाने फणफणायचा. एकदा गावात दरवेशी अस्वल घेऊन आला. थोरल्या बहिणीने, आक्काने, ह्याला अस्वलाच्या पाठीवर बसवलं आणि ताइतात घालायला केस मागितला. दरवेशाने केस उपटला तसं ते जनावर विव्हळून वळलं, नाकातल्या दोरीला हिसका बसला आणि ते मुकाट पुन्हा जागेवर आलं. भोकाभोवती माशा घोंघावत होत्या. पोराचा ताप गेला, अस्वलाचं काय झालं कुणास ठाऊक! ताईत पुढे हरवला, पण ते नाक काही डोळ्यांपुढून हटेना. एक तरी अस्वल आपल्या मर्जीने चालताना बघायचं आणि मगच कायमचं घरी जायचं, असं ह्याने मनाशी धरलं होतं. आता कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. म्हणजे हीच शेवटची ईद.

दुबईहून आर्मेनिया विमानाने तीन-साडेतीन तासांवर. तिथल्या डोंगरात लाकडी लपणात बसवून तपकिरी अस्वलं दाखवतात. ह्याच्या वाट्याला तीन संध्याकाळी होत्या. निघताना यहयाने ह्याचं नवंकोरं जॅकेट बखूरच्या, म्हणजे सुगंधी धुपाच्या, धुरावर धरलं. आपल्याकडे निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, तसं इथे धुरी देतात. "हबीबी, माझा माणूस दरवळतच गेला पाहिजे," म्हणत त्याने कपाटातला सर्वांत भारी ऊद जाळला. दत्तप्रसादला भरून आलं.

झालं! पहिल्या संध्याकाळी झाडीत फांद्या मोडल्या, फुसकारा ऐकू आला, आणि जे काय होतं ते तिथूनच माघारी फिरलं. दुसऱ्या संध्याकाळीही तेच. म्हाताऱ्या गाईडने खांदे उडवले. खोलीवर येऊन त्याने जॅकेट खुंटीला अडकवलं, मोरीवर जाऊन परत आला, तर दारातच यहयाचं अख्खं दुकान नाकात शिरलं.

"अरे गाढवा!" तो स्वतःवरच ओरडला. "जगाचे वास ओळखतोस, आणि स्वतःचा येत नाही?"

तिसऱ्या दिवशी पठ्ठ्याने ओढ्याच्या गारठणक पाण्यात अंगाला राख फासून आंघोळ केली. जॅकेट, मोजे, कमरेचा पट्टासुद्धा खोलीवर ठेवला. कपडे गाईडचे, वर त्याचाच मेंढरांचा वास मारणारा कोट. गाईड पोट धरधरून हसला.

लपणात एक तास गेला, दोन गेले. उन्हं कलली. मग वारा फिरून उजवीकडून आला आणि दत्तप्रसाद ताठ झाला. भिजल्या घोंगडीचा, कुजक्या पाल्याचा, थोडा मधाचा वास. हा त्याच्या ओळखीचा होता, पाचव्या वर्षापासूनचा. त्याने गाईडची बाही ओढून उजवीकडे बोट दाखवलं. गाईडने दुर्बीण लावली आणि नकारार्थी मान हलवली.

"वेट," दत्तप्रसाद पुटपुटला.

मिनिटाभरात उजवीकडचीच झुडपं हलली. मादी बाहेर आली, मागे दोन पिल्लं. वीस पावलांवर! तिने धोंडा उलटून मुंग्या चाटल्या, मस्ती करणाऱ्या पिल्लाला एक थापड दिली, वाटलं तेव्हा बसली, वाटलं तेव्हा उठली. कुणी तिला नाच म्हणणारं नव्हतं. मग मान वर करून तिने थेट लपणाच्या दिशेने हुंगलं. काळंभोर, ओलं नाक. दत्तप्रसाद कोटाची बाही तोंडात कोंबून ढसाढसा रडला. आनंद त्याच्या छातीत मावेना. मादीला काही पत्ता लागला नाही. पिल्लांना घेऊन ती सावकाश, आपल्या वाटेने वर चढून गेली.

गाईडने ह्याच्या नाकाला बोट लावलं आणि कडक सलाम ठोकला.

देऱ्यात परतल्यावर भिवा आधी हात पुढे करून उभा. "फोटो दाखव!"

"काढायचाच राहिला रे," दत्तप्रसाद म्हणाला, आणि असा खदाखदा हसला की भिवाही हसायला लागला.

दुकानात यहया धुपाटणं घेऊन पुढे आला, तर ह्याने हात जोडले. "आज नको, भाई." मग पायरीवर बसून त्याने गावी फोन लावला. आक्का आता सत्तरीला टेकलेली, कानाने मंद. तिला सगळं ओरडून सांगावं लागलं.

"नाकात दोरी होती काय रे तेच्या?" तिने विचारलं.

"नाय गो आक्का," तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "नाक मोकळा होता तेचा."