न चुकणारा मंत्र

आज आमच्या सौंसरच्या संत्र्याच्या बगीच्यात बोअर फेल गेलं. दगडाच्या भुकटीचा कोरडा वास नाकात शिरला आणि लहानपणी पाहिलेलं असंच एक बोअर आठवलं.

तेव्हा जागा जमिनीतलं पाणी शोधणाऱ्या पाणाड्यानं दाखवली होती. मंत्र पुटपुटत तो फिरला, त्याच्या तळहातावर पाण्याची खूण म्हणून नारळ उभा राहिला, पण जमिनीतून नुसती धूळ निघाली. तो जराही ओशाळला नाही. "मंतर खोटा नाही भाऊ," तो बाबांना म्हणाला, "घरात कोनाचा तरी इस्वास नाही, म्हनून पानी पळून राहिलं." सगळ्यांच्या नजरा नुकतंच लग्न होऊन आलेल्या काकूकडे वळल्या. नारळ उभा राहताना ती हसली होती. मग पुढे बहर गळाला तरी बोट तिच्याकडेच जायचं.

मोठेपणी त्या मंत्राचा हिशेब कळला. पाणी लागलं तर मंत्र खरा, नाही लागलं तर माणूस खोटा. तेव्हापासून कधीच न चुकणाऱ्या गोष्टींचा मला संशय येतो.

आजची जागा पाणी शोधणाऱ्या मशीननं दाखवली होती. मशीनवाला स्क्रीन पुसत म्हणाला, "मशीन तर बरोबर आहे जी. तुमच्याच इकडून काहीतरी चुकलं असन."

कोणी काही बोलायच्या आत म्हातारी काकू झाडाखालच्या खाटेवरून उठली, पदर सावरला आणि घराकडे चालू लागली.