मानाची काठी आणि कडब्याची गंज

पुस्तकांच्या चोरीची तक्रार माझ्याकडे नोकरीत एकदाच आली, आणि ती अजून डोक्यातून जात नाही. तेव्हा मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत धरणामुळे उठून वर वसलेलं एक गाव होतं. तिथल्या वाचनालयाने म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं करून बुडालेल्या गावाचा इतिहास छापला होता. वाचनालयांनी आणि मंडळांनी काढलेल्या अशा इतिहासांना जो पुरस्कार देतात, तो त्या वर्षी या पुस्तकाला मिळाला होता. रविवारी जुन्नरला समारंभ होता. शुक्रवारी सकाळी ग्रंथपाल बाईंनी दार उघडलं, तर पुस्तकांचे सगळे गठ्ठे गायब. कुलूप मात्र शाबूत.

आमचा ठाणे अंमलदार हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या पुस्तकावरून गाव आधीच पेटायच्या बेतात होतं. यात्रेत देवाच्या निशाणाची काठी ज्या घरातून निघते, ते पहिल्या मानाचं घर. पुस्तकात तो मान वाचनालयाच्या अध्यक्षांच्या घराला दिला होता. डोंगराकडच्या वाडीतलं एक घर म्हणत होतं, मान मुळात आमचा. त्या घरचा एक तरुण ग्रामसभेत सर्वांदेखत बोलला होता, की या पुस्तकाला बक्षीस घेऊ देणार नाही. आणि यात्रा पुढच्याच आठवड्यात होती.

दुपारी निनावी फोन आला. तोच तरुण आदल्या दिवशी वाचनालयाच्या दाराशी दिसला होता. त्याला चौकशीला आणलं. त्याची एसटीत चालक म्हणून निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर पडला होता. गुन्ह्यात नाव आलं की नोकरी गेली, हे त्यालाही ठाऊक होतं.

मी उलटसुलट विचारलं. तो एकच सांगत राहिला: ते पान पुन्हा वाचायला गेलो, कुलूप दिसलं, परत आलो. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "मान तर गेलाच. आता चोर बी आमीच का, साहेब?"

बाहेर अध्यक्षांची भावकी जमली होती. अटक दाखवा म्हणून त्यांनी कानीकपाळी ओरडून मला भंडावून सोडलं. वाडीची माणसंही समोरच्या पारावर गोळा होत होती. एखादा दगड भिरकावला गेला असता तर पुढचं माझ्या हातात राहिलं नसतं. संध्याकाळपर्यंत माल मिळाला नाही तर अटक दाखवावी लागणार होती.

या गोंधळात अध्यक्ष स्वतः दोनदा ठाण्यात येऊन बाकावर बसून गेले. सत्तरी उलटलेला, मितभाषी माणूस. ज्याचा माल जातो तो आधी मालाचं विचारतो. यांनी पुस्तकांचं नावच काढलं नाही. एवढंच विचारलं, "त्या पोराला मारलं न्हाई ना?"

ते माझ्या मनात खुटखुटत राहिलं. ग्रंथपाल बाई आदल्या दिवशी माहेरी ओतूरला होत्या. दुसरी किल्ली अध्यक्षांकडे होती. जबाब घ्यायच्या निमित्ताने मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. अंगणात कडब्याची गंज होती. मी शेतकऱ्याच्या घरातला. कडबा वरून काढतात, बुडातून कुणी ओढत नाही. इथे बुडाच्या पेंढ्या उपसून पुन्हा कोंबल्या होत्या. मी हात घातला. आत प्लॅस्टिकच्या कागदात नीट गुंडाळलेले गठ्ठे होते. पुस्तकावर राग असणारा माणूस ती अशी जपून ठेवत नाही.

म्हातारा उंबऱ्यावर बसला. "त्यांच्या घरात मयत झाली व्हती. सुतक म्हणून त्या एका वर्सापुरती काठी आमच्या दारातून निघाली. फुडच्या साली पाणी आलं, गाव पांगलं. वर आल्यावर माझ्या बापानं ती परत दिलीच न्हाई. छापताना मला इचारलं, तवा पोरं म्होरं बसल्याली. मी गप ऱ्हायलो. आता बक्षीस मिळालं की खोटं कायमचं खरं हुईल. वाटलं, पुस्तकंच नसली तर बक्षीस बी देणार न्हाईत."

"मग जाळली का नाहीत?"

"माझ्या आयच्या जात्यावरच्या ओव्या हायेत त्यात. जाळू कसा?"

दया आली, पण त्याहून जास्त राग आला. याच्या गप्प बसण्यापायी एका निर्दोष माणसाची भाकरी जाणार होती. मी सांगितलं, हे आज गावासमोर बोला, नाहीतर मी बोलतो. ते मुकाट्याने जीपमध्ये बसले आणि ठाण्याच्या पायरीवर उभं राहून दोन्ही जमावांसमोर सगळं बोलले. त्यांच्या थोरल्या मुलाने तिथेच पाठ फिरवली. बाईंनी तक्रार मागे घेतली. पडताळणीच्या कागदावर मी त्या तरुणासमोरच सही केली.

रविवारी जुन्नरला पुरस्कार घेताना अध्यक्षांनी माईकवर चूक सांगितली आणि पुढच्या छपाईत दुरुस्तीचा शब्द दिला.

गुन्ह्यात फायदा कुणाचा ते आधी बघ, असं आम्हाला शिकवलेलं. त्या दिवसापासून मी तोटा सोसायला कोण तयार आहे, तेही बघू लागलो.

यात्रेला मी जादा तुकडी मागवली होती. अध्यक्ष अनवाणी वाडीपर्यंत चालत गेले आणि त्या तरुणाच्या हातात काठी देत म्हणाले, "घे रं बाबा. लई वर्सं झाली, जड व्हती." तरुण आधी त्यांच्या पाया पडला, मग त्याने काठी घेतली. तुकडी मी दुपारीच परत पाठवली.