साडेसहा पानांचं पदक

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान ताठ होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण चारचौघांत सांगायला बसलो की जिभेवर आधी हेच येतं. चोरीला गेलेली वस्तू पेढ्याएवढी होती, आणि माझ्या निम्म्या स्टाफच्या मते ती चोरीला गेलेलीच नव्हती.

तेव्हा मी नागपुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आत आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, आता आमच्या हद्दीत मुलाकडे राहणारे. 'जय भीम' करून बसले आणि म्हणाले, "साहेब, माह्या घरी चोरी झाली. पण डब्यातलं काहीच कमी नाही झालं."

ठाणे अंमलदाराने मान फिरवली. त्याला हसू आवरत नव्हतं.

बाबांना जुनी स्मारक पदकं जमवण्याचा छंद होता. राज्यारोहणाची, प्रदर्शनांची, शाळांच्या समारंभांची. त्यातलं सगळ्यात लाडकं होतं इंग्रजी अमदानीतल्या एका शेतकी प्रदर्शनाचं चांदीचं पदक. पुढे बैलजोडी, मागे कापसाच्या सात पानांची माळ. हे पदक तसं बऱ्याच जणांकडे सापडतं. पण एकाच पदकाचेही प्रकार असतात, हे बाबांनी मला समजावलं. पदक पाडायचा पहिला ठसा लवकरच चिरला, म्हणून त्यातून निघालेल्या मोजक्या नगांवर एक पान अर्धंच उमटलं. मग ठसा बदलला. बाबांचं पदक त्या पहिल्या ठशाचं होतं. पदकांच्या डब्यात आता होतं ते सात पूर्ण पानांचं. कोणीतरी अदलाबदल केली होती.

संशय कोणावर, असं विचारलं तर म्हणाले, दुपारी एक सद्गृहस्थ यायचे, त्यांनाही हाच छंद, त्यांनाच ते पदक दाखवलं होतं; नाव-पत्ता मात्र कधी विचारला नाही.

एवढ्यात मुलगा धावत आला. वडिलांना बाहेरच्या बाकावर बसवून त्याने माझ्यासमोर हात जोडले. "साहेब, बाबाचं मनावर नका घेऊ. दिवसभर पानं मोजून राहिले. घरी कोणीच येत नाही, मी शेजारी विचारलं. येत्या सोमवारी धंतोलीत डोक्याच्या डॉक्टरले दाखवून राहिलो."

मुलगा वाईट नव्हता, घाबरला होता. खरं सांगायचं तर मलाही त्याचंच पटलं. स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगून मी विषय संपवणार होतो. पण दारातून बाबा माझ्याकडे बघत होते. सोमवारनंतर त्यांच्या कुठल्याच बोलण्याला घरात किंमत राहणार नव्हती, आणि ते त्यांना नीट कळत होतं. मी डायरी बाजूला सरकवली.

मी त्यांना कागद दिला आणि पदक काढून दाखवायला सांगितलं. त्यांनी माळ काढली, उजवीकडून तिसरं पान अर्धं सोडलं. दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा काढायला लावलं. तेच पान, तेवढंच अर्धं. खोटं बोलणारा असो की भ्रमिष्ट, दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यात काहीतरी हलतंच. बाबांचं काही हललं नाही. मी गुन्हा दाखल केला. दोन्ही कागद माझ्या खणात गेले.

इतवारीत जुन्या चांदीचे व्यापारी आहेत. तिथे चौकशीला हवालदाराला पाठवलं. तो कुरकुरतच गेला आणि संध्याकाळी एका व्यापाऱ्यालाच घेऊन आला. व्यापारी म्हणाला, "साहेब, माह्याजवळ बैलजोडीचे दोन नग होते. एक चकाचक, एक घासलेला. गिऱ्हाईक चांगला नग निवडते. पण एका गिऱ्हाइकानं घासलेला घेतला. काहून, म्हणून विचारलं, तं नुसता हसला."

बाबांचं पदकही घासलेलं होतं. अदलाबदलीला तसाच नग लागणार. गिऱ्हाइकाने, असं आणखी काही आलं तर कळवा, म्हणून आपला फोन नंबरही ठेवला होता. शहाणपणाची हद्दच.

त्या नंबरावरून दुसऱ्या दिवशी ते सद्गृहस्थ माझ्यासमोर होते. इस्त्रीचा सदरा, गोड बोलणं. इतवारीतली खरेदी त्यांनी मान्य केली, तो नग पुढे कोणाला तरी देऊन टाकला म्हणाले. बाबांना एकदा प्रदर्शनात पाहिलंय, घर माहीत नाही, अर्ध्या पानाचं पदक कधी पाहिलं नाही, तसं असतं हे कुठे ऐकलं-वाचलंही नाही. रायटरने हे शब्द न् शब्द लिहून घेतलं. वर, म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही असं ऐकलंय, हेही त्यांनी हळूच सरकवलं.

दमदाटी करून हा माणूस फुटला नसता. मी चहा मागवला आणि म्हटलं, आम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही, जरा शिकवा. दीड तास त्यांनी मला ठसे, कड्या, कडा शिकवल्या. मध्ये हवालदाराने पदकाला बिल्ला म्हटलं, तर त्यालाही फैलावर घेतलं. तेव्हाच मला याची खोड सापडली. या माणसाला एक वेळ तुरुंग चालेल, पण चूक ऐकवणार नाही.

मी रायटरकडे वळून सहज सांगायला लागलो, "लिहा. फिर्यादीच्या मूळ पदकावर सहा पानं. डावीकडून दुसरं पान अर्धं."

"छे हो, सहा कुठली? साडेसहा! आणि डावीकडून नाही, उजवीकडून तिसरं."

रायटरचं पेन थांबलं. मी खणातून बाबांचे दोन्ही कागद काढून टेबलावर ठेवले. न पाहिलेल्या पदकाचं पान त्यांनी कुठे मोजलं, एवढंच विचारलं. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला.

त्याच दिवशी पंचांसमक्ष घरझडती घेतली. चोर माल लपवतो. यांनी तो मखमली खणात मांडून, खाली सुरेख अक्षरात चिठ्ठी लावली होती: 'पहिला ठसा, चिरलेला.' असा चोर पुन्हा भेटला नाही.

ओळख पटवण्याचा पंचनामा शनिवारी ठेवला. इतवारीतून तशीच पाच पदकं आणून त्यांत बाबांचं मिसळलं, सहाही पानांची बाजू खाली करून मांडली, बैलजोडी वर. मुलाला मुद्दाम समोर बसवलं. बाबांनी चष्मा पुसला, एकेक पदक उलटलं आणि चौथ्यावर बोट ठेवलं. "हे माह्यं."

मुलगा उठला आणि बापाच्या पायाशी बसला. "बाबा, चुकलं माह्यं," एवढंच म्हणाला. मुलाच्या केसांवरून हात फिरवत बाबा माझ्याकडे वळले. "साहेब, मले याचा कागद भेटन का?"

मला वाटलं, पदकाची पावती मागतायत. ते म्हणाले, "पदकाचा नाही. मी बरोबर वळखलं, त्याचा."

नक्कल तयार करून दिली. 'फिर्यादीने मुद्देमाल निःसंशय ओळखला' हे वाक्य त्यांनी ठाण्यात उभं राहून मोठ्याने वाचलं, एकदा मुलासाठी आणि एकदा ठाणे अंमलदारासाठी. अंमलदाराने उठून सलाम ठोकला. सोमवारचा डॉक्टर अर्थातच रद्द झाला.

फिर्याद विचित्र वाटली म्हणून खोटी ठरत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं खरं-खोटं त्याच्या पोरांना विचारून ठरवायचं नसतं, हे मी त्या आठवड्यात शिकलो. तोवर मीही तेच करत आलो होतो, याची लाज वाटते. पदक कोर्टातून हातात पडायला पुढे बरेच महिने लागले. बाबांनी एकदाही घाई केली नाही. त्यांचं जे खरं चोरीला गेलं होतं, ते घेऊन ते शनिवारीच घरी गेले होते.