कंट्रोलकाकांचा चार्ट

कंट्रोलकाकांना उंचीची भीती होती. उत्तरायणाला सगळी सोसायटी गच्चीवर चढे, तेव्हा हे जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून चिक्की खात आणि कोणाचा पतंग कटला ते आरोळीवरून ओळखत. तरीही बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा प्रत्येक मनोरंजन उद्यानातली प्रत्येक राइड त्यांना तोंडपाठ होती. कुठली किती मिनिटांत भरते, कुठल्या रांगेवर सावली आहे, कुठली जेवणाच्या वेळेला बंद असते, हे सगळं त्यांनी जमिनीवरच्या बाकावर बसून शिकून घेतलं होतं.

त्यांचा जन्म रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात गेला. समोर मोठा कागद, उभ्या बाजूला स्टेशनं, आडव्या बाजूला वेळ, आणि मधे पेन्सिलीने ओढलेल्या गाड्यांच्या तिरप्या रेघा. कुठली गाडी अडवायची आणि कुठली पुढे काढायची ते टेलिफोनवरून सांगायचं. "हजारो गाड्या चालवल्या," ते म्हणत, "पण कामावर असताना एकही डोळ्यांनी पाहिली नाही." ते निवृत्त झाले त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगा आधीच अमेरिकेला पोचला होता. सुभानपुऱ्यात आमच्या सोसायटीतल्या तीन खोल्यांत काका राहिले, आणि चार्ट काढायची सवय राहिली.

ती सवय कामाला लागली उदारीकरणामुळे. आमच्या सोसायटीत उदारीकरण आलं ते पाण्याच्या घसरगुंडीवरून. हायवेच्या कडेच्या एरंडीच्या शेतांत एकाएकी किल्ले उभे राहिले. फाटकावर प्लास्टरचे हत्ती, आत प्लास्टरचा डोंगर, डोंगरावर पंपाचा धबधबा, आणि उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव तेवढं अस्सल संगमरवरात. आमची पहिली सहल तिथे रविवारी दुपारी बाराला पोचली. पहिल्याच राइडला दीड तास उभं राहून, तीन राइड करून आणि दोन मुलं हरवून पुन्हा शोधून आम्ही परत आलो. काका दिवसभर बाकावर बसून वहीत काहीतरी टिपत होते. आठ दिवसांनी त्यांनी सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चार्ट लावला. स्टेशनांच्या जागी राइड होत्या आणि गाड्यांच्या जागी आम्ही.

"फाटकाशी थांबू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. "आत शिरलेला माणूस पहिली राइड दिसली की उभा राहतो. तुम्ही तिच्याकडे बघूसुद्धा नका. सरळ शेवटच्या टोकाला जा आणि उलटे येत राहा. गर्दी जाईल त्या दिशेला तुम्ही येत असाल, मधे एकदाच गाठ पडेल." आम्ही दुसऱ्या सहलीला तसं केलं आणि दुपारी दोनपर्यंत अकरा राइड झाल्या. मधे गर्दीशी खरोखर एकदाच गाठ पडली.

जेवण अकराला. भूक लागायची वाट बघायची नाही, कारण एक वाजता सगळ्यांना एकदमच लागते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून थेपले बसमध्येच संपवायचे. नवे बूट घालायचे नाहीत. कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी, तीही प्लास्टिकमध्ये. चुकलेल्यांनी भेटायची जागा फाटकाशी ठरवायची नाही, कारण तिथे सगळं गुजरात आपापल्या चुकलेल्यांची वाट बघत उभं असतं. आणि जायचं ते नवरात्र संपल्यावरच्या बुधवारी. "तेव्हा सगळं बडोदं गरबा खेळून पाय धरून बसलेलं असतं," काका म्हणत.

सोसायटीचे सेक्रेटरी हर्षदभाई एकदा वैतागले. "काका, आपणे फरवा जईए छीए के लडाईमां?"

"लढाईत निदान जेवण वेळेवर मिळतं, हर्षदभाई," काका म्हणाले.

माणसांनाही ते रेल्वेच्या हिशेबाने वागवत. माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे हळू चालत. काकांनी त्यांच्यासमोरच माझ्या बायकोला सांगितलं, "वहिनी, ह्या मालगाडी. ह्यांना मेन लाइनवर ठेवलंत तर मागचं सगळं तुंबेल. सावलीतला बाक बघा, पाणी आणि संडास जवळ हवेत, आणि ह्यांना तिथे लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, घाला."

"आणि तुम्ही कोण हो? राजधानी?" सासूबाईंनी विचारलं.

"मी रिकामा डबा," काका म्हणाले. "तुमच्याच शेजारी लूपमध्ये."

एका सल्ल्याचा उपयोग मात्र आमच्यापैकी कोणालाच नव्हता. राइडमध्ये जागा जोडीजोडीच्या असतात. शेवटची एक रिकामी राहिली की राइडवरचा माणूस रांगेकडे बघून ओरडतो, कोणी एकटं आहे का? "एकट्या माणसाला जागा लवकर मिळते," काका सांगत. "तेवढाच एक फायदा."

त्यांचा नातू अनीश दहा वर्षांचा झाला तेव्हा मुलगा तीन आठवड्यांसाठी कुटुंब घेऊन आला. चार वर्षांनी. तीन आठवड्यांतले दोन सुनेच्या माहेरी पुण्याला जायचे होते, उरलेल्यात दवाखाने, बँका आणि भेटीगाठी. काकांनी एकच मागितलं, "एक दिवस, अनीश आणि मी." तो दिवस त्यांना मिळाला. अमेरिकेतून दर रविवारी येणाऱ्या फोनवर नातू "हॅलो आजोबा, कसे आहात, मी बरा आहे, बाबांना देतो" एवढं म्हणे. काकांना त्याच्या पुढचं काहीतरी ऐकायचं होतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पण त्या एका दिवसाचा चार्ट त्यांनी पाच वेळा खोडून पुन्हा काढला, आणि मी तो पाहिला होता.

माझी नवी, म्हणजे कोणाची तरी जुनी, मारुती घेऊन मी त्यांना नेलं. फाटक उघडताना आम्ही तिथे होतो. मी लूपमध्ये बसलो. काका अनीशचा हात धरून शेवटच्या टोकाला निघाले, आणि त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली जी सोसायटीत कोणी खरी मानली नसती. काका राइडमध्ये बसले. फिरत्या चक्रात डोळे मिटून, दांडा दोन्ही हातांनी आवळून बसले. उतरले तेव्हा पांढरेफटक पडले होते आणि घड्याळ बघत होते.

अनीशला मराठी कळे, पण बोलायला वेळ लागे. वाक्य आधी मनात जुळवून मग तो एकेक शब्द बाहेर काढी, आणि तोवर थांबावं लागे. ते दोघं माझ्या बाकासमोरून लगबगीने चालले होते तेव्हा तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही... जेव्हा लहान... नाही, जेव्हा बाबा लहान..."

"नंतर, राजा, नंतर," काका म्हणाले. "आता चल, तीन मिनिटांत पुढची सुटेल."

पावणेदोनला सगळं झालं. एकूण एक राइड. कुठेही पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं नव्हतं. दोघं येऊन माझ्याजवळ बसले. काकांनी चार्टची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. अनीश बाटलीतलं पाणी पीत होता.

"मघाशी काहीतरी विचारत होतास तू," काका म्हणाले.

अनीशने आठवून पाहिलं. मान हलवली. "विसरलो."

"बाबाचं काहीतरी."

"हो. विसरलो." मग म्हणाला, "सॉरी, आजोबा."

"सॉरी कशाला?" काका म्हणाले. मी सरबत आणायच्या निमित्ताने उठलो आणि मुद्दाम वेळ लावून आलो. परतलो तेव्हा दोघं तसेच बसले होते, मधे वीतभर जागा सोडून, दोघंही समोरच्या रांगेकडे बघत. त्या रांगेत उशिरा आलेली माणसं उन्हात उभी होती, मुलं बापांच्या पायांशी लोंबकळत होती, बाप कंटाळून उत्तरं देत होते. येताना अनीश मागच्या सीटवर झोपला. घरी पोचल्यावर त्याने वडिलांना सांगितलं की छान होतं, कुठेच रांग नव्हती. "बाबा, कमाल आहे तुमची!" काकांचा मुलगा म्हणाला. काका चपला काढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

ते लोक गेल्यावर नोटीस बोर्डावरचा चार्ट निघाला. दिवाळीच्या सुट्टीत हर्षदभाई विचारायला गेले तर काका म्हणाले, "रविवारी जा. दुपारी जा. पहिली रांग दिसेल तिच्यात उभे राहा." हर्षदभाई मला म्हणाले, "काकानुं मगज फरी गयुं." सोसायटीने त्यांना विचारणं सोडून दिलं. काकांनीही कोणाच्या दारात जाऊन समजावलं नाही. संध्याकाळी बागेत ते एकटेच फेऱ्या मारत, कोणाच्या आड न येता, कडेकडेने.

मी मात्र माझ्या मुलीला घेऊन एका रविवारी गेलो. हट्टाने नव्हे, दुसरा दिवसच रिकामा नव्हता. सव्वा तास उभे होतो. पहिली वीस मिनिटं ती कुरकुरली. मग माझ्या शर्टाचं बटण फिरवत सांगू लागली की मैत्रिणीशी अबोला झालाय, आणि दोन महिने ती मधल्या सुट्टीत डबा जिन्यात बसून एकटीच खाते. घरी, गृहपाठ आणि टीव्हीच्या मधे, मला हे कधी कळलं असतं असं वाटत नाही.

परतल्यावर मी काकांकडे गेलो. राइड किती झाल्या हे त्यांनी विचारलंच नाही. "काय बोलली?" म्हणाले. मी सांगितलं.

"कुठल्या जिन्यात?"

"मागच्या. प्रयोगशाळेकडच्या."

"तिकडे कोणी जात-येत नसणार." मग म्हणाले, "उद्या शाळेत जाऊन ये तू." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या दाराशी उभे होते, गेलास का विचारायला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. माझी मुलगी पुन्हा वर्गातल्या बाकावर बसून डबा खाऊ लागली हे कळेपर्यंत ते येत राहिले. दुसऱ्याच्या मुलीची बातमी ऐकताना त्यांचा चेहरा असा होई की मला सांगताना संकोच वाटे.

पुढे चार-पाच वर्षांनी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं आणि मुलाने त्यांना तिकडे नेलं. खोल्या विकल्या. निघताना फाटकाशी सोसायटीतली सहा-सात माणसं होती. हर्षदभाईंनी हार घातला, तो काकांनी लगेच काढून गाडीच्या टपावर ठेवला आणि तिथेच विसरले. "आवजो," म्हणाले सगळ्यांना. मला म्हणाले, "मुलीला घेऊन जात जा कुठेतरी. गर्दीत."

ते वारल्याचं त्यांच्या मुलाने फोन करून कळवलं तेव्हा त्यांना अमेरिकेला जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात त्यांचं एकच पत्र आलं, निळ्या कागदावर, बारीक अक्षरात. हवा, औषधं, सुनेचा स्वभाव चांगला आहे हे दोनदा. आणि शेवटी हे:

"गेल्या महिन्यात इथल्या उद्यानात जाऊन आलो. आपल्या किल्ल्यांपेक्षा पुष्कळ मोठं, प्लास्टर तेच. इथे जास्तीचं तिकीट काढलं की रांगेत उभं राहावं लागत नाही. मुलाने आम्हा सगळ्यांसाठी काढलं होतं. त्याने घरी बसून सगळा दिवस आखलाही होता, छान आखला होता, मी काही बोललो नाही. दुपारी एकपर्यंत संपत आलं. शेवटच्या राइडला मी ते तिकीट खिशातून काढलंच नाही, आणि साध्या रांगेत जाऊन उभा राहिलो. मुलगा हाका मारत होता. अनीश आता उंच झालाय, कानात सतत गाण्याची वायर असते. तो थोडा वेळ बाजूला उभा होता. मग दोरीखालून वाकून माझ्याजवळ आला. चाळीस मिनिटं लागली. बोलला काही नाही. पण वायर काढून खिशात ठेवली होती."