पाळीवरचा आंबा

माझ्या भावाचा तलाव मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी फार मोठ्या मनाची आहे असा कुणाचा गैरसमज नको.

शहराबाहेर, बेटमा गावाच्या पुढे त्याने शेत घेतलं, त्यात एक जुनं मातीचं धरण होतं. धरण म्हणजे काय, तर दोन टेकाडांच्या मध्ये घातलेली गवताळ पाळ आणि तिच्यामागे अडलेलं पाणी. भावाने त्यात हंसाच्या आकाराची पेडलबोट सोडली, काठावर झोपाळे टांगले आणि तेव्हापासून आमचं अख्खं खानदान रविवारी दाल-बाफले खायला तिकडे जाऊ लागलं. त्याआधी सगळे विजय नगरला माझ्या फ्लॅटवर जमायचे, माझ्या खिचडीची तारीफ करायचे. आता मी बोलावलं की उत्तर येतं, "ताई, तूच तिकडे ये ना, खुल्यात मजा येते."

तेही मी गिळलं. पण बाबा?

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे राहत होते. त्यांची सगळी नोकरी इरिगेशन खात्यात, माळव्यातली मातीची धरणं बांधण्यात आणि सांभाळण्यात गेली. माझ्याकडे त्यांना स्वतंत्र खोली, वेळेवर औषधं, कमी मिठाची आमटी, सगळं होतं. तरी नवी चप्पल घेऊ म्हटलं की म्हणायचे, "कशाला? मी आता चार दिवसांचा पाहुणा." हे ऐकून मला दर वेळी रडू यायचं आणि रागही यायचा.

यंदा आईच्या तिथीला भावाने तिच्या नावाने आंबा लावायचं ठरवलं. कुठे? तर पाळीच्या ऐन मध्यावर, चहूकडून दिसेल असा. भावजय फोटो काढायला सरसावली आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. कारण लहानपणी बाबा आम्हां दोघांना जीपमधून दौऱ्यावर न्यायचे, तेव्हा पाळीवर उगवलेली बाभळीची रोपं उपटायला लावायचे. म्हणायचे, "पाळीवर गवताशिवाय काही नको. झाडाची मुळं आत घुसतात, कुजतात आणि मग त्याच वाटेने पाणी शिरतं." माझे हात काट्यांनी भरायचे. भाऊ तेव्हा जीपमध्ये झोपलेला असायचा.

बाबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी रोप पाहिलं, पाळ पाहिली, मागचा उतार पाहिला. आता सगळ्यांसमोर फैलावर घेणार, म्हणून मी अगदी कान टवकारून उभी. तर बाबा म्हणाले, "लोटा दे रे," आणि स्वतःच्या हाताने रोपाला पाणी घातलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे गिझर चालू राहिला तरी तासभर बोलणारा हा माणूस!

परत येताना कारमध्ये मी विचारलंच, "बाबा, पाळीवर झाड?"

"हो, चूकच आहे ते."

"मग त्याला बोलला का नाहीत?"

"अगं, आईचं झाड लावत होता तो."

"माझीही आईच होती ती," मी म्हटलं.

पुढच्याच महिन्यात ते बॅग घेऊन भावाकडे गेले. पावसाळाभर तिकडेच राहतो म्हणाले. मी कसाबसा श्रावण लागू दिला आणि त्यांना परत आणायला गेले.

बाबा पाळीच्या मागच्या पायथ्याशी वाकून उभे होते. पायात नवे कोरे गमबूट. ते त्यांनी भावाकडून मागून घेतले होते, मागून! मातीतून पाझरणारं पाणी ओंजळीत धरून त्यांनी मला दाखवलं. "बघ, नितळ आहे. गढूळ आलं तर समजायचं, आतली माती वाहतेय."

"मग तो आंबा आत्ताच काढून खाली लावा ना. लहान आहे, जगेल."

"लावू सावकाश. मुळं आत पोचायला दहा वर्षं तरी आहेत. तोवर मी ठेवतो की लक्ष."

माझ्याकडे चार दिवस आणि इथे दहा वर्षं!

तेवढ्यात भाऊ चहा घेऊन आला. "ताई, टेन्शन नको घेऊ. बाबांचं इथे एकदम जम गया आहे." त्याच्या हातातला कप मी घेतला नाही.

"बाबा, माझ्याकडे काय कमी पडलं तुम्हाला?"

"काहीच नाही गं," बाबा अगदी कौतुकाने म्हणाले. "तुझ्याकडे सगळं इतकं नीट आहे, मला बघायला काही उरतच नाही."

मी एकटीच घरी परतले. भावाचा मला इतका हेवा कधीच वाटला नव्हता. त्याचं शेत, त्याचा तलाव, त्याची बोट घाला चुलीत. त्याने केलेल्या चुकीचा हेवा वाटत होता.

परवापासून आमच्या बाथरूमचा नळ गळतोय. नवऱ्याने विचारलं, "प्लंबरला बोलावू?"

"राहू द्या," मी म्हटलं आणि बाबांना फोन लावून मोबाइल नळाजवळ धरला.