सुगंधाचा माइक

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही — नवऱ्यापाशीही नाही. तुम्हालाच का सांगतेय? ठाऊक नाही. पोटात ठेवून ठेवून थकले, एवढंच.

मी राहते अंबरनाथला आणि उल्हासनगरच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. कोरोनात कॉलेजं बंद होती आणि तास ऑनलाइन चालायचे, तेव्हाची ही गोष्ट. स्क्रीनवर साठ नावं, साठ काळे चौकोन. शिकवणं कसलं, भिंतीशी बोलणं! बोलायची ती एकटी सुगंधा. चामटोली गावची. घरात रेंज नाही म्हणून शेतावरच्या माळावर जाऊन बसायची. मागे गुरांच्या घंटा वाजायच्या. "मॅडम, तांदूळ महागला तरी आम्ही तेवढाच खातो. मग मागणी कमी कुठे झाली?" असं काहीतरी विचारायची, आणि माझा दिवस सोन्याचा व्हायचा. खरं सांगते, मी तिच्यासाठीच शिकवायचे.

मग असं का केलं? — कंटाळा. त्याला दुसरं मोठं नाव द्यायला नको.

एकच धडा दोन तुकड्यांना शिकवायचा असे. एका सकाळी, आदल्या दिवशी दुसऱ्या तुकडीला शिकवलेल्याचं रेकॉर्डिंग मी सुगंधाच्या तुकडीला लावून दिलं, कॅमेरा बंद केला आणि ओट्याशी बोंबील साफ करायला लागले. केवढी हुशारी! बाहेरच्या खोलीत लॅपटॉपमधून माझाच आवाज विचारत होता, "काही शंका?"

"मॅडम, पण आमच्या चामटोलीत—"

"नाही ना? मग पुढे जाऊ," माझा आवाज म्हणाला.

"मॅडम? माझा आवाज येतोय का? मॅडम?"

बाकीचे चौकोन गप्प — तिकडे तरी कुणी होतं का? मी ओल्या हातांनी उभी. लॅपटॉप चार पावलांवर. एक बटण दाबायचं होतं. पण दाबलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं ना? मी जागची हलले नाही.

दुपारी तिचा मेसेज आला. "सॉरी मॅडम, मधेच बोलले. माझा माइक गेलाय वाटतं." आणि मी — मी लिहिलं, "हो गं, काहीच ऐकू आलं नाही."

त्यानंतर ती रोज यायची. बोलायची मात्र नाही. वर्षाअखेरीस कॉलेजने विद्यार्थ्यांकडून समाधानाचा फॉर्म भरून घेतला. तिने "पूर्ण समाधानी"वर खूण केली होती. खाली लिहिलं होतं, "मॅडम छान शिकवतात. माझाच माइक खराब होता." त्या फॉर्मांवरून प्राचार्यांनी माझं कौतुक केलं. मी पेढाही खाल्ला.

आता वर्ग भरतो, बाकं भरतात. सुगंधाची तुकडी केव्हाच पास होऊन गेली. "काही शंका?" म्हटलं की मी जरा जास्तच वेळ थांबते. मुलं कुजबुजतात, "मॅडम हँग झाल्या." हसू देत. मला त्या घंटांची, त्या "मॅडम, पण"ची फार फार आठवण येते. चामटोलीत काय होतं, सुगंधा? ते आता मला कधीच कळणार नाही.

तुझा माइक चांगला होता. मला सगळं ऐकू आलं होतं.