पाहणीसाठीची खोली

इकडे उत्तरेत, मानक नगरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एक खोली निव्वळ पाहणीसाठी होती. क्वार्टर तिच्या नावावर होतं. ती रेल्वेत इंजिनिअर, मी शाळेत शिक्षिका. सोबत राहायची परवानगी ऑफिसकडून काढली ती ‘रूममेट’ म्हणून. आम्ही एकमेकींच्या कोण, हे लिहायला फॉर्मवर रकानाच नव्हता. वर्षाकाठी पाहणीला माणूस यायचा. आदल्या दिवशी मी त्या खोलीत माझ्या चार साड्या टांगायचे, पलंगावर कोरी चादर घालायचे, टेबलावर तपासायच्या वह्या ठेवायचे. तो गेला की सगळं परत आमच्या खोलीत. ती हसायची, “मॅडम, भाडेकरू शोभता हं!” तेरा वर्षं हे नाटक इतकं बेमालूम वठलं की मला त्याचा चक्क गर्व होता. मूर्खपणा, दुसरं काय!

गेल्या मार्चमध्ये ती गेली. ऑफिसातच हार्ट अटॅक आला.

आणखी काही महिने क्वार्टरमध्ये राहता येईल का, हे विचारायला मी तिच्या ऑफिसात गेले. बाबू भला होता, त्याने चहा मागवला.

“आप उनकी कौन?”

मी सवयीने म्हणाले, “रूममेट.”

“फिर तो खाली करना पड़ेगा, मैडम. छूट सिर्फ़ फ़ैमिली को है.”

चिडायचं तरी कोणावर? शब्द माझाच होता.

सामान न्यायला नागपूरहून तिचा धाकटा भाऊ आला. तोही सरळ माणूस. घरभर फिरून पाहणीच्या खोलीकडे बोट करत म्हणाला, “मॅडम, तुमच्या खोलीतलं सगळं तुमचं. ताईच्या खोलीतलं तेवढं मी बांधतो.”

ताईच्या खोलीत माझा चष्मा होता, माझी बीपीची औषधं होती. ‘इथे विसरले होते’ म्हणत मी ती उचलली. साड्या, पुस्तकं, पलंग, काही नको होतं मला. फक्त तिची उशी हवी होती. तिच्या तेलाचा वास अजून होता तिला.

“ती उशी मी घेऊ का?”

“ही? अहो, किती तेलकट झालीये!” त्याने ती गाठोड्यात कोंबली, पलीकडच्या खोलीत गेला आणि तिथली पांढरीशुभ्र उशी आणून माझ्या हातात दिली. “ही घ्या ना, तुमचीच आहे की.”

“हो,” मी म्हणाले.

तेरा वर्षांत त्या उशीवर कोणी डोकं टेकलं नव्हतं. आता विकास नगरच्या भाड्याच्या खोलीत मी तिच्यावर झोपते.